भिंतीवरची काठी

माझ्या हातांना एक खोड आहे. कुठलीही वस्तू महिना-दोन महिने एकाच जागी दिसली की ती मला टोचायला लागते. खुर्ची असो, तांब्या असो, नाहीतर देवाची तसबीर असो. खुटबावला माझं माहेर. आमचं घर रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नव्हतं. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि मी शाळेतून आले की तीच भांडी उतरवून पुन्हा वेगळी लावायची. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी असती तर निदान चार गावं तरी बघून आली असती, देवानं मेलीच्या हाताला भिंगरी बांधलीय. लग्न झालं की खोड जाईल, असं तिला वाटायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे तिला ठाऊक होतं, पण स्वतःच्या लेकीबद्दल ते कुठल्या आईला पटतं?

लग्न झालं, भीमा ओलांडली आणि मी शिरूर तालुक्यात, निमोण्याला आले. सासरचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. घराणं मेंढरांचं. माझ्या माहेरी मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली होती, पण सासरे, म्हणजे आमचे आबा, चाळिशी उलटेपर्यंत मेंढरांमागं फिरलेले. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं. सासूबाईंचं अर्धं आयुष्य घोड्यावर बिऱ्हाड लादण्यात आणि उतरवण्यात गेलेलं. म्हणून की काय, चार भिंती मिळाल्यावर त्यांनी प्रत्येक वस्तूला जी जागा दिली ती कायमची. पाटा इथं, कणगी तिथं, आबांची काठी दाराच्या डाव्या खुंटीला. मी नवी नवरी होते तेव्हा एकदा नुसती पाण्याची कळशी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली. त्यांनी ती उचलून परत होती तिथं ठेवली. मग म्हणाल्या, आयुष्यभर मांडलं आन् मोडलं, आता बास. त्यांच्या हयातीत मी त्या घरातली एक वाटी हलवली नाही. माझे हात कसे राहिले ते माझं मला माहीत.

सासूबाई गेल्या. पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या ह्यांनी पत्र्याचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं घर बांधलं. हे रांजणगावच्या कंपनीत कामाला आहेत, शिफ्टची ड्युटी. हॉल, किचन, दोन बेडरूम, पुढं पडवी. हॉलला पीओपीचं छत आणि त्यात बारीक दिवे. वास्तुशांतीच्या दिवशी मी त्या रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि खरं सांगते, मला आनंदानं रडू आलं. पांढऱ्या भिंती, एकही खुंटी नाही, आणि कुठल्याच वस्तूची जागा ठरलेली नाही.

मग काय विचारता. मोबाईलवर घर सजवायचे व्हिडिओ असतात, ते मी भाकरी थापता थापता बघायची. उन्हाळ्यात घर थंड कसं दिसेल, पावसाळ्यात हॉलला ताजा लूक कसा द्याल, थंडीत कोपरा उबदार कसा कराल. त्यातल्या बायका मऊ मऊ बोलतात आणि त्यांच्या घरात कधी कांद्याची पोती नसतात, तरी मला ते बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. होळी झाली की मी जाड पडदे उतरवून पांढरे सुती लावायची, सोफा खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला न्यायची आणि हॉलच्या कोपऱ्यात परातीत वाळू भरून त्यावर माठ ठेवायची. मिरगाला पडवीतल्या कुंड्या आत यायच्या, कारण बाहेर त्या झोडपून निघतात, आणि दारापासून किचनपर्यंत गोणपाटाची पायपुसणी अंथरली जायची. गौरी-गणपतीला तर अख्खा हॉल उलटा. दिवाळीला सोफा बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये गाद्या-लोड. संक्रांतीनंतर पुन्हा सगळं तिसरीकडं. आळीतल्या बायका वाण घ्यायला आल्या की आधी घर बघायच्या. एक जण म्हणाली होती, बाई, तुमचं घर म्हंजी मोबाईलमधलंच. ते वाक्य मी आठवडाभर जपून वापरलं.

एवढ्या सगळ्यात आबांचं काय चाललंय इकडं माझं लक्ष नव्हतं. घरामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं त्यांच्या चार मेंढ्या. बाकी कळप केव्हाच विकला होता, पण ह्या चार त्यांनी ठेवल्या. त्यांच्यात एक म्होरकी, म्हणजे सगळ्यांच्या पुढं चालणारी, तिच्या गळ्यात पितळी घंटी. सकाळी भाकरी खाल्ली की आबा काठी घेऊन त्यांच्यामागं बांधाबांधानं जायचे, उन्हं उतरली की यायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण चाल अजून ताठ.

पहिली कटकट भिंतीवरनं झाली. नव्या रंगाला वर्षही झालं नव्हतं आणि पडवीच्या दारापासून मोरीच्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर एक मळकी रेघ उमटली. बोटांची. मी आधी लेकीला ओरडले. ती म्हणाली, मी नाही, आबा हात घासत जातात. मी साबणाच्या पाण्यानं रेघ पुसली. पंधरा दिवसांत पुन्हा उमटली. मी तिथं वेलीचं स्टिकर लावलं, तर त्याच्या कडा निघाल्या. आबांना मी सरळ काही बोलले नाही, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले. सुनांना ती कला न शिकवता येते.

दुसरी कटकट टीपॉयची. काचेचा टीपॉय मी दौंडहून हौसेनं आणला होता आणि त्या पावसाळ्यात तो सोफ्याच्या पुढं न ठेवता तिरका ठेवला होता, कारण व्हिडिओत तसा होता. आबा पडवीतून आत आले आणि गुडघ्यानं त्याला धडकले. वरची फुलदाणी खाली पडून फुटली. त्यांच्या नडगीला खरचटलं होतं, ते मी बघितलं, पण आधी फुलदाणी बघितली. म्हणाले, चुकलंच गं. आणि मी, तुकडे गोळा करता करता, मान वर न करता म्हणाले, "आबा, जरा बघून चालत जावा."

 त्या दिवसापासून त्यांनी हॉलमधून जाणं सोडलं. जेवायला पडवीतच बसू लागले, ताट तिथंच मागायचे. मोरीला जायचं तर घराला वळसा घालून मागल्या दारानं. आणि पाऊस ओसरल्यावर एक दिवस त्यांनी आपली बाज शेडात नेली, मेंढ्यांजवळ. विचारलं तर म्हणाले, आत गरम हुतंय.

मला त्याचा इतका राग आला होता की आज लिहितानाही तो आठवतो. मी एवढं घर सजवते, गाव बघायला येतं आणि घरातला थोरला माणूस त्यात पाय ठेवत नाही. माझ्या हौसेवर थुंकल्यासारखंच वाटलं. ह्यांना म्हटलं, तुमच्या वडलांना नवं घर पसंत नाही असं दिसतंय. हे दिवसभर उभं राहून आलेले, जेवता जेवता म्हणाले, म्हातारं माणूस हाय, मेंढरात रमतंय, रमू दे. मी म्हटलं, गाव काय म्हणेल, सून सासऱ्याला गोठ्यात झोपवते? त्यावर त्यांनी हात जोडले आणि झोपायला गेले.

गाव म्हणायला लागलंच. दळणाच्या गिरणीत एक जण दुसरीला सांगत होती, घर म्हंजी नुसतं राजवाडा, आन् म्हातारा पत्र्याखाली. मी आत गेल्यावर दोघी गप्प झाल्या. घरी आल्यावर मी कुकर लावला, सोफा हलवला, पुन्हा जागेवर आणला, कुंड्या खाली-वर केल्या. कशातच मन लागेना. आबांना घरात आणल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हती. तेव्हा मला आबांपेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त होती, हेही कबूल करते.

बरेच दिवस असेच गेले, वर्ष फिरून आलं. गौरी चार दिवसांवर आल्या तेव्हा मला तोडगा सुचला. व्हिडिओत एका बाईनं हॉलची एक भिंत गावाकडच्या जुन्या वस्तूंनी सजवली होती. सूप, कंदील, बैलगाडीचं चाक. मला वाटलं, आपण ह्या वर्षी गौरींच्या मागची भिंत धनगरी करायची. आबांचंच आयुष्य भिंतीवर लावायचं. ते बघितल्यावर म्हातारा हरखून आत येईल, लोकांच्या समोर गौरीजवळ बसेल, आणि गिरणीतल्या बायकांची तोंडं बंद होतील. इतकी चांगली कल्पना मला आयुष्यात सुचली नव्हती असं मला वाटलं.

आबा हल्ली दुपारीच मेंढ्या आणून शेडात जरा पाठ टेकायचे. डोळा लागला की मी हळूच गेले. बाजेखालच्या ट्रंकेतली जुनी काळी घोंगडी घेतली. बाजेला टेकलेली काठी घेतली, हाताच्या घामानं चकचकीत झालेली. पण व्हिडिओत पितळेची एक वस्तू होती आणि तिच्यावर उजेड पडला की सगळी भिंत उठून दिसत होती. माझी नजर म्होरकीच्या गळ्याकडं गेली. मेंढी गरीब. मी दोरी सोडली, वाजू नये म्हणून घंटी मुठीत दाबून धरली आणि आत आले.

घोंगडी भिंतीवर ताणून खिळे मारले. तिच्यावर काठी तिरकी लावली, काठीच्या टोकाला घंटी बांधली. छतातला एक दिवा फिरवून नेमका त्यावर पाडला. चार पावलं मागं जाऊन बघितलं, फोटो काढला आणि माझ्याच कामावर खूश होऊन मी आबांना हाक मारायला बाहेर पडले.

ते शेडाच्या दाराशीच उभे होते, हात चौकटीवर. मी म्हटलं, आबा, आत या, तुमच्यासाठी काहीतरी केलंय. ते येईनात. मी दोनदा म्हटलं. मग आले, घराच्या भिंतीला हात लावून, एकेक पाऊल चाचपत. पडवीची पायरी पायानं आधी हुडकली. मी पुढं चालत होते, माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, मी बोलतच होते. हॉलमध्ये आणून मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. काठी त्यांच्या तोंडापासून दोन हातांवर होती आणि तिच्यावर दिवा पडलेला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"लई उजेड केलायस," आबा म्हणाले. मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाकडं, मान वळवून म्हणाले, "सूनबाई, माझी काठी कुठं दिसली का गं? उठल्याधरनं हुडकतोय. आन् म्होरकीच्या गळ्यातली घंटी बी कुनी काढलीय."

मला वाटलं, चेष्टा करतात. आबा कधी चेष्टा करत नाहीत. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे घोंगडीवर होते, काठीवर होते आणि कशावरच नव्हते.  भिंतीवरची रेघ, टीपॉय, मागलं दार, शेडातली बाज, सगळं एकामागोमाग आठवायला लागलं आणि शेवटी माझंच वाक्य आठवलं. बघून चालत जावा.

"आबा," मी म्हटलं, "तुमच्या म्होरं काय हाय?"

त्यांनी मान तिरकी करून उजेडाकडं धरली. खोटं बोलायची सवय नाही त्यांना, म्हणून वेळ लागला असावा. मग म्हणाले, "उजेड हाय. मदी कायतरी काळं हाय. तू कुठं हायेस ते बोललीस म्हंजी कळतंय."

मी विचारलं, कवापासनं. म्हणाले, पत्र्याचं घर होतं तेव्हाच कडंनं कमी व्हायला लागलं होतं, पण तिथं डोळ्यांची गरजच नव्हती, म्हातारीनं सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. नव्या घरातही पहिल्यांदा पाठ केलं होतं त्यांनी. बारा पावलं मोरी, सात पावलं सोफा. पाठ झालं की मी हलवायची. पुन्हा पाठ केलं की पुन्हा हलवायची. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस कसा पडला ते सांगावं तसं सांगितलं. रानात त्रास नव्हता, काठीनं बांध कळायचा आणि घंटीच्या मागं चालत राहिलं की म्होरकी बरोबर घरी आणायची.

म्हणजे एका दुपारी मी त्यांचे दोन्ही डोळे काढून भिंतीवर टांगले होते आणि वरनं दिवा लावला होता.

"सांगायचं नाही व्हय आबा?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, कारण मला रडायचं नव्हतं. "आमी काय परकी हाय का?"

"सांगितलं असतं तर मेंढरं इकली असती तुमी," आबा म्हणाले. "आंधळ्याच्या हातात मेंढरं कोन ठेवतं?"

मी स्टुलावर चढले. खिळे मीच ठोकले होते आणि मीच ते काढले, पण घाईत घोंगडी एका जागी फाटली. काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत चाचपली, टोकाला घंटी लागली तेव्हा थांबले. मग त्यांना समजलं असणार, सगळं कुठं होतं ते. एवढंच म्हणाले, भिताडावर शोभत हुती का? मी पदर तोंडात धरला.

संध्याकाळी हे ड्युटीवरून आल्यावर मी सांगितलं. हे पडवीत बसून राहिले. रोज येता-जाता वडलांशी दोन शब्द बोलणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं कळलं नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. आबांनी तिथं एकच गोष्ट विचारली, मेंढरांमागं जाता येईल का. डॉक्टर तरुण होता, तो आमच्याकडं बघायला लागला. हे म्हणाले, जाता येईल आबा, मेंढरं कुठं जात न्हाईत.

गौरींची भिंत मी रिकामीच ठेवली. सजवायची इच्छाच राहिली नव्हती. आमच्याकडं गौर आणतात ती तुळशीपासून. रांगोळीची पावलं काढायची, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मुखवटा हातात धरून गौर सगळ्या घरात फिरवायची. प्रत्येक खोलीच्या दाराशी थांबायचं, मागून कुणीतरी विचारायचं, इथं काय, आणि जिच्या हातात गौर आहे तिनं सांगायचं. इथं धान्य. इथं दूधदुभतं. इथं लेकरंबाळं. म्हणजे घरात काय काय आहे ते देवीला कळावं.

त्या वर्षी मी गौर हातात घेतली, लेक मागं ताटली वाजवत होती आणि चार-पाच शेजारणी होत्या. उंबरा ओलांडताना माझ्या मनात एक गोष्ट आली. मी आबांना हाक मारली आणि म्हटलं, आबा, औंदा मागनं तुमी इचारायचं. त्यांना आधी कळेना. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण हे बायकांचं काम. मी त्यांचा हात घेऊन माझ्या खांद्यावर ठेवला.

"इथं काय?" आबांनी विचारलं, जरा लाजून.

"इथं सोफा," मी म्हटलं. "दारापासनं पाच पावलं, उजव्या अंगाला."

एक जण हसली. देवीला कुणी सोफा सांगतं का? मी तशीच पुढं गेले. इथं टीपॉय, भिंतीला लावलाय, वाटेत काही न्हाई. इथं माठ. इथं किचनचा कट्टा, डाव्या हाताला पाण्याचं पिंप, पेला दोरीला बांधलाय. मोरीच्या दाराशी मी त्यांचा हात भिंतीवरच्या रेघेवर ठेवला. आबा प्रत्येक ठिकाणी थांबत होते, काठीनं टोचून बघत होते, पावलं ओठांतल्या ओठांत मोजत होते. तोपर्यंत बायांना उमगलं होतं. लेकीची ताटली हळू झाली होती. गिरणीत राजवाडा म्हणणारी ती बाईही त्यांच्यात होती आणि पुढची पायरी तिनंच सांगितली, आबा, जपून, इथं उंच हाय.

गौर पाटावर बसवल्यावर आबा तिथंच, हॉलमध्ये, खाली बसले. म्हणाले, "मेंढरांचा तळ हलला की तुझी सासू हेच करायची. अंधार पडायच्या आत समद्यांला फिरवून दावायची. हितं चूल, हितं पानी, हितं कोकरांची जाळी, हितं कुत्री. एकदा दावलं की मंग डोळं झाकून झोपायचं." थोड्या वेळानं म्हणाले, "तळ हलतोच. त्याला कोन काय करनार? सांगायचं तेवढं."

त्यांचं शेवटचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी देवीसमोर मनात ठरवून टाकलं होतं, आता ह्या घरातलं काही हलणार नाही. आबांची बाज आत आली, बेडरूमच्या खिडकीखाली. घंटी म्होरकीच्या गळ्यात गेली. काठीसाठी दाराच्या डाव्या बाजूला मी ह्यांच्याकडून एक खुंटी ठोकून घेतली, कोऱ्या भिंतीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. व्हिडिओ मोबाईलवर आपोआप समोर यायचे, ते बोटानं सरकवून टाकायची. रेघ पुसणं बंद केलं.

पण हातांना कोण समजावणार? गणपती गेले, दसरा झाला, हॉल तसाच. सकाळी डोळे उघडले की तोच सोफा, त्याच भिंतीला. मी किचनमधले डबे हलवायला लागले. मिठाचा डबा साखरेच्या जागी गेला आणि ह्यांनी पहाटेचा चहा थुंकला. मग तेही बंद केलं. दिवाळीला गाद्या-लोड काढले नाहीत, सोफा होता तिथंच ठेवला, नुसतं तोरण बदललं. फराळाला आलेल्या बाया म्हणाल्या, काय गं, औंदा काही न्हाई व्हय? मी म्हटलं, कंटाळा आला. ते खोटं होतं. मला रोज घरात कोंडल्यासारखं होत होतं, झाडता झाडता मी सोफ्याला हात लावायची आणि काढून घ्यायची.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी गावावरनं मेंढरं गेली. अजून काही कळप जातात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधून वाट काढत, घोड्यावर बिऱ्हाड आणि कोंबड्या. सकाळची वेळ होती. आबा फाटकाशी जाऊन उभे राहिले. कळप जाईस्तोवर उभे, आणि घंट्यांचा आवाज पार विरला तरी उभेच. मग आत आले. पडवी, दार, पाच पावलं, सोफा. काठी टेकलीसुद्धा नाही, इतकं पाठ झालं होतं. बसले. उठले. मोरीपर्यंत गेले, तिथं काम नव्हतं, परत आले. पुन्हा बसले. मी मटार सोलत होते. मांडीवर बोटं वाजवत बसलेला असा माणूस मी याआधी आरशातच बघितला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "गौरी गेल्याधरनं समदं जागच्या जागी हाय."

"व्हय आबा. हलवायचं न्हाई असं ठरवलंय मी. तुमाला तरास नको."

 बाहेर म्होरकीची घंटी वाजली तिकडं त्यांनी कान दिला. मग म्हणाले, "दिवाळी झाली. मेंढरं खाली चालली. जलमात आमचा तळ एका जागी इतका कवा राह्यला न्हाई." आणि जरा चाचरत, लहान पोरानं खाऊ मागावा तसं, "कायतरी हलीव की गं."

माझ्या हातातला मटार तसाच राहिला. मला वाटत होतं की मी त्यांच्यासाठी घर थांबवलंय. त्यांना घर थांबायला नको होतं, त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते त्यांनी गौरीसमोर माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी देवीला दिलेला शब्द पाळला, त्यांचा शब्द ऐकला नाही.

मी ताट बाजूला सारलं, पदर खोचला आणि सोफ्याला हात घातला. खिडकीखाली, जिथं थंडीत सकाळचं ऊन येतं. टीपॉय किचनच्या बाजूला. माठ उचलून पडवीत, आता त्याचं काम नव्हतं. फरशीवर सोफ्याचे पाय घासल्याचा आवाज झाला की आबा तिकडं मान वळवायचे. माझं होईपर्यंत ते दाराशी काठी घेऊन तयार उभे राहिले होते, पायात वहाणा घालून, जणू लांब जायचंय.

मी जवळ गेले. त्यांनी चाचपून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," म्हणाले. "इथं काय?"